बंद कारखाना आणि किरणोत्सारी भंगार



आम्ही कामगार चळवळीतील माणूस. सातवीनंतर शाळा सुटली आणि हाती पाना आला. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयातील पुस्तकांवर आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. अशा माणसाने या व्यासपीठावरून अणूविषयी बोलावे याचे काही मित्रांना नवल वाटले. "माळशिरसात अणूचे काय काम?" असे एकाने विचारलेही. प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तरादाखल आधी एक हकीकत सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याबाहेरचा एक कारखाना बंद पडला. कोणता, ते सांगण्याचे कारण नाही. कामगारांची देणी थकली होती, बँकेने फाटकाला सील ठोकले होते, आणि निदान यंत्रसामग्री विकून पगार भागवावा अशी मागणी खुद्द आमच्याच संघटनेने लावून धरली होती. लिलावाची यादी ताडून पाहण्यासाठी आम्ही आत गेलो. मालाच्या एका उंच हॉपरच्या कुशीला, माणसाच्या डोक्याएवढे एक लोखंडी मडके बोल्टांनी आवळलेले होते. यादीत त्याची नोंद 'भंगार लोखंड, १ नग' एवढीच. त्यावरची पिवळी पट्टी धुळीने माखली होती. बोटाने पुसली तेव्हा तीन पाती दिसली. बरोबरचा फिटर म्हणाला, "पंख्याचं चित्र हाय. ब्लोअरचा पार्ट आसंल." वीस-पंचवीस वर्षे त्या खात्यात काढलेला माणूस तो, पण त्याला या चित्राचा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता. आम्हाला तरी कोठे कोणी सांगितला होता? परंतु दिल्लीच्या मायापुरीची बातमी आम्ही वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवून ठेवली होती, आणि तिच्याशेजारी हेच तीन पात्यांचे चित्र छापलेले होते. आम्ही हात मागे घेतला.

पुढे काय झाले ते ओघाने येईल. आधी त्या मडक्यात काय असते ते समजून घेऊ.

सिमेंट, कागद, पोलाद, तेलशुद्धी अशा धंद्यांत बंद टाकीतला माल कोठवर चढला हे झाकण उघडून पाहता येत नाही. म्हणून टाकीच्या एका बाजूस सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० या द्रव्याची लहानशी कुपी शिशाच्या जाड भांड्यात बसवतात आणि समोरच्या बाजूस किरण मोजणारे उपकरण लावतात. माल आड आला की किरण अडतात आणि काटा पडतो. दुसरा उपयोग वेल्डिंग तपासण्याचा. माळीनगर, श्रीपूर, यशवंतनगर, सदाशिवनगर अशी साखरेची वस्ती आपल्या तालुक्यात आहे. जेथे जेथे मोठ्या बॉयलरची जोडकामे निघतात, तेथे रात्री खाते रिकामे करून, दोरी बांधून सांध्यांचे 'फोटो' काढतात. त्या पेटीत बहुधा इरिडियम-१९२ असते. म्हणजे ही वस्तू अणुभट्टीतच असते असे नाही. ती ट्रकमधून येते, काम करते आणि परत जाते. परत गेली नाही, तर मात्र प्रश्न उभा राहतो.

या द्रव्यांचे अणू अस्थिर असतात. ते आपोआप फुटतात आणि फुटताना किरण टाकतात. त्यांना विझवता येत नाही; पाण्याने नाही, आगीने नाही, आम्लाने नाही. त्यांची शक्ती निम्मी व्हायला ठरावीक काळ लागतो, त्याला अर्धायुष्य म्हणतात. इरिडियमचे ७४ दिवस, कोबाल्टचे सव्वापाच वर्षे, सीझियमचे ३० वर्षे, रेडियमचे १६०० वर्षे, आणि थोरियमचे तब्बल १४०० कोटी वर्षे. कारखान्याचा परवाना, बँकेचे कर्ज, संचालक मंडळाची मुदत यांपैकी एकाचाही या हिशेबाशी मेळ बसत नाही. कारखाना बंद होतो तो माणसांचा. आतल्या अणूंना ती नोटीस लागू होत नाही.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा, कारण वर्तमानपत्रे सुद्धा त्यात घोटाळा करतात. गुऱ्हाळाच्या चुलवणासमोर उभे राहिलात तर अंग भाजते, बाजूला झालात की भाजणे थांबते, आणि घरी जाताना चुलवण तुमच्याबरोबर येत नाही. सीलबंद कुपीचे किरण असे असतात. त्यांच्यापासून रक्षणाचे उपाय तीन: थोडा वेळ, दूर अंतर आणि आडोसा. अंतर दुप्पट केले तर किरणांचा मारा चौथाईवर येतो. पण कुपी फुटली तर प्रकार निराळा. मग ते द्रव्य मिरचीच्या भुकटीसारखे होते. पोते शिवलेले असेपर्यंत कोणी शिंकत नाही. ते उसवले की भुकटी कपड्यावर, भाकरीवर, मुलाच्या डोळ्यांत, शेजाऱ्याच्या ओसरीवर जाते. याला प्रदूषण किंवा लागण म्हणू. जागा बाधित होते ती अशी. चुलवणापासून दूर पळता येते. अंगावर आणि पोटात गेलेल्या भुकटीपासून पळता येत नाही.

मापही सांगून ठेवतो. माणसाला बसलेला मारा मिलीसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, दगड, आकाश यांच्याकडून जगातील सर्वसाधारण माणसाला वर्षाकाठी सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट आपोआपच मिळतात. उद्योगांमुळे सामान्य जनतेवर यापरती भर वर्षाला १ मिलीसिव्हर्टहून अधिक पडू नये, आणि किरणांचे काम करणाऱ्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० हून अधिक मिळू नये, असा दंडक आहे. एकदम चार-पाच हजार बसले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात.

आता ओसाड पडलेल्या जागेचा सर्वांत शिकवणारा दाखला घेऊ. तो ब्राझील देशातला आहे. तेथील गोयानिया शहरात किरणोपचाराचा एक खासगी दवाखाना १९८५ च्या अखेरीस दुसरीकडे हलला आणि सीझियमचे एक यंत्र जुन्या इमारतीतच राहिले. जागेचा वाद कोर्टात होता. यंत्र हलवायला अडथळे आले, इमारत अर्धी पाडली गेली, पहाऱ्याला माणूस नेमलेला होता. १३ सप्टेंबर १९८७ रोजी तो पहारेकरी कामावर नव्हता. दोघे जण आत शिरले, यंत्राचा जड भाग हातगाडीवर घालून घरी नेला, फोडला आणि भंगारवाल्यास विकला. आत ९३ ग्रॅम सीझियमचे मीठ होते. एवढे तर आपल्या मिठाच्या वाटीत असते. ते अंधारात निळे चमकत होते, म्हणून भंगारवाल्याने आप्तेष्टांना बोलावून दाखवले, चिमूट चिमूट वाटले. अखेर त्याच्याच पत्नीला संशय आला. उरलेले तुकडे पिशवीत घालून ती बसने आरोग्य कचेरीत गेली, तेव्हा शहराला जाग आली. चार माणसे मेली. त्यांत ती पत्नी होती आणि सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाख बारा हजार लोकांना मैदानात बोलावून तपासावे लागले, २४९ जणांच्या अंगाला लागण सापडली, ८५ घरे बाधित निघाली, सात पाडली. माती, भिंती, कपडे, खेळणी मिळून ३५०० घनमीटर कचरा भरला. हे सारे त्या ९३ ग्रॅमांतून.

त्या माणसांस चोर म्हणून सोडून देणे सोपे आहे. आम्हास ते पटत नाही. किरण अडवणारी भांडी शिशाची असतात आणि बाजारात शिसे लोखंडापेक्षा महाग विकते. भुकेल्या माणसाने त्या भांड्यात भाव पाहिला, धोका पाहिला नाही. धोका त्याला वाचता येईल असा लिहिलेलाच नव्हता. तीन पात्यांची ती खूण १९४६ साली अमेरिकेत बर्कलेच्या प्रयोगशाळेत तयार झाली. शिकलेल्यांना ती कळते, आमच्या फिटरला तिच्यात पंखा दिसतो. ही अडचण जगाच्याही ध्यानात आली आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने दुसरी खूण काढली. तांबड्या त्रिकोणात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ही कोणासही कळेल. मात्र ती मोठ्या शक्तीच्या यंत्रांच्या आत, उघडताना दिसेल अशी लावायची असते. बाहेर पाट्यांवर जुनाच 'पंखा' राहिला आहे.

गोयानियाहून आपल्या देशात येऊ. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कोबाल्ट-६० चे एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. ज्यांना त्याची माहिती होती ते निवृत्त होत गेले आणि यंत्र अडगळ ठरले. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले आणि कोबाल्टचे तुकडे दुकानादुकानांतून फिरले. एकाने तर एक तुकडा पैशाच्या पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसांच्या अंगावर काळे चट्टे उठले, केस गळाले, तेव्हा उलगडा झाला. सात जणांना इजा झाली, त्यांतला एक कामगार वारला. तज्ज्ञांनी तुकडे शोधून शिशाच्या भांड्यांत घालून नरोऱ्याच्या अणुवीज केंद्राकडे रवाना केले. चुकले कोणाचे? विद्वानांच्या घरात हे घडले. म्हणून आम्ही म्हणतो की प्रश्न अडाणीपणाचा थोडा आणि नोंदवहीचा अधिक आहे.

महाराष्ट्रातला धागा खोपोलीचा आहे, आणि तो आपल्याला अधिक जवळचा. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समधल्या एका कारखान्यात लिफ्टची बटणे किरण टाकताना सापडली. तेथील वीसेक कामगारांना १ ते ३ मिलीसिव्हर्टपर्यंत मारा बसला होता. बटणांतले पोलाद हिंदुस्थानातून गेलेले. माग काढत अधिकारी खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत पोचले. तेथे भंगाराच्या घाण्यात कोबाल्टचा स्रोत वितळून गेला होता. खोपोली-तळोज्याच्या भट्ट्यांवर घाटावरची माणसे पिढ्यान् पिढ्या कामाला आहेत. भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला लोखंड तांबडे दिसते. त्यातला कोबाल्ट दिसत नाही, त्याला वास नाही, त्याचा चटका लागत नाही.

भट्टीत काय होते हे प्रत्येक ओतारी कामगाराने जाणून घ्यावे असे आहे. कोबाल्ट लोखंडाचाच भाऊबंद, तो पोलादात मिसळून जातो आणि मालाबरोबर बाहेर पडतो. सीझियम तसे करत नाही. त्याची उष्णतेने वाफ होते आणि ते धुराड्याच्या धुळीत जाऊन बसते. रेडियम, थोरियम ही मंडळी मळीत उतरतात. मे १९९८ मध्ये स्पेनच्या दक्षिणेस एका पोलादाच्या कारखान्यात सीझियम वितळले. माल स्वच्छ निघाला, पण धूळ बाधित झाली, आणि धुराड्यातून सुटलेला अंश फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटलीतल्या हवेत मोजला गेला. तेव्हा बंद ओतशाळेची जागा तपासताना नुसते लोखंड तपासून भागत नाही. धूळ साठवणाऱ्या पिशव्या, धुराड्याचा तळ, मळीचा ढिगारा आणि त्या मळीने ज्या रस्त्यांना भराव घातला ते रस्ते, इतके पाहावे लागते.

भराव म्हटल्यावर एक जुनी गोष्ट आठवते. वीज येण्यापूर्वी आपल्याकडे लग्नाच्या वरातीत, तमाशाच्या तंबूत, वारीच्या मुक्कामाला गॅसबत्त्या असत. नातेपुते, माळशिरस, वेळापूर या तळांवर माउलींच्या पालखीपुढे डोक्यावर बत्ती घेऊन चालणारी माणसे जुन्यांना आठवत असतील. त्या बत्तीचे मेंटल, आपण 'जाळी' म्हणत असू, ते थोरियमच्या क्षारात भिजवलेले असे. म्हणून ते असे पांढरे झगझगे. केरळच्या वाळूतून निघालेल्या थोरियमपासून तो क्षार करण्याचा कारखाना १९५५ साली मुंबईजवळ तुर्भ्यास सुरू झाला. एका मेंटलने कोणास बाधा होत नाही, घाबरण्याचे कारण नाही. पण अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातल्या ग्लॉस्टर सिटी आणि कॅम्डेन या गावांत मेंटलचे दोन मोठे कारखाने होते. पैकी एकात भरभराटीच्या दिवसांत दिवसाला अडीच लाखांपर्यंत मेंटल होत. विजेने धंदा बुडवला, १९४० च्या सुमारास दोन्ही बंद पडले. राहिलेला गाळ कोणीतरी खड्डे बुजवायला नेला. त्यावर घरे झाली, बागा झाल्या, मुलांची मैदाने झाली. चाळीस वर्षांनी, १९८१ मध्ये, विमानातून पाहणी करताना जमीन बोलू लागली. १९९६ साली ती जागा राष्ट्रीय सफाईच्या यादीत घातली गेली आणि मग वर्षानुवर्षे घराघरांखालची माती उकरून दूर वाहून न्यावी लागली. कंपनी नाही, मालक नाही, कामगारही हयात नाहीत. थोरियम मात्र होता तेवढाच आहे. गाळ नेणाऱ्या गाडीवानाला त्या दिवशी कोणी अडवले असते, तर केवढा खर्च वाचला असता!

अशी जागा हाती आली तर करायचे काय? पहिल्या दिवशी फार थोडे करायचे, पण ते कसोशीने. वस्तू हलवायची नाही, उघडायची नाही, झाकायला सुद्धा जवळ जायचे नाही. माणसे मागे घ्यायची, दोरी बांधायची, पहारा बसवायचा, आणि पहारेकऱ्याला कशाचा पहारा आहे ते सांगायचे. गोयानियाचा पहारेकरी कसला राखणदार होता हे त्याला कितपत माहीत होते, देव जाणे. कोणी वस्तू हाताळली असेल तर त्याला घरी पाठवायचे नाही. वरचे कपडे काढून पिशवीत बांधायचे, साबणपाण्याने अंग धुवायचे, नावे लिहून घ्यायची. तेथे पाणी, भाकरी, बिडी, तंबाखू काही नाही, कारण हाताचे तोंडात जाते. मग पोलीस, कलेक्टर आणि अणुऊर्जा नियामक मंडळ यांना कळवायचे. हे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले, त्याचे मुख्यालय मुंबईस अणुशक्तिनगरात आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्यास असते.

तज्ज्ञ येतात ते प्रथम कागद मागतात. खरेदीची फाइल, परवाना, स्टोअरचे रजिस्टर. बंद कारखान्यात कागद वाळवीने खाल्लेले असतात. अशा वेळी जुना फोरमन हाच दप्तर होय. कोणत्या खात्यात कोणते मडके होते, ते कधी काढले, कोणत्या शेडमध्ये टाकले, हे त्याच्या डोक्यात असते. त्याला जीपमधून सन्मानाने आणावे. तो मेल्यावर त्याच्या आठवणीची किंमत कळून उपयोग नाही.

मग मोजणी. खो-खोच्या मैदानासारखी फक्कीने जागा चौकोनांत आखतात आणि प्रत्येक चौकोनावर मापक फिरवून आकडा नकाशावर लिहितात. ओल्या फडक्याने फरशी पुसून फडके मोजतात. फडक्यावर उतरली ती सुटी लागण, न उतरली ती मुरलेली. सुटीचे भय अधिक, कारण ती हिंडते. नकाशावरून जागेचे तीन पट्टे पाडतात: स्वच्छ, मधला आणि बाधित. बाधिताच्या उंबऱ्यावर पायताण बदलायचे, कपडे बदलायचे, बाहेर पडताना अंग मोजून घ्यायचे. आम्ही जन्मभर सोवळ्याओवळ्याविरुद्ध बोललो. पण हे सोवळे माणसाच्या जातीचे नसून जोड्याच्या तळव्याचे आहे आणि ते जिल्हाधिकाऱ्यासही पाळावे लागते, म्हणून आम्ही ते आनंदाने पाळू.

सफाईत पहिला नियम कोरडा झाडू न मारण्याचा. खळ्यावर धूळ उडू नये म्हणून आपण पाणी शिंपडतो, तसे आधी ओले करायचे. पण पाणी एवढेच की ते वाहून गटारीला मिळणार नाही. जे पाणी वापरले ते टाकीत धरायचे. गिलावा खरवडायचा, माती उकरायची, पिंपात भरायची, पिंपावर नंबर आणि मोजमाप लिहायचे, आणि परवानगी असलेल्या भांडारात पाठवायचे. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात असा कचरा सिमेंट काँक्रीटच्या खंदकांत आणि जमिनीतल्या खोल नळकांड्यांत ठेवण्याची सोय आहे. अर्धायुष्य लहान असेल तर नुसते थांबणे हाही उपाय असतो. दहा अर्धायुष्ये गेली की हजारांश उरतो. इरिडियमला त्यासाठी दोन वर्षे पुरतात, कोबाल्टला त्रेपन्न लागतात, सीझियमला तीनशे. थोरियमच्या बाबतीत थांबण्याची भाषा निरर्थक आहे. तेथे उकरून नेणे किंवा चिकणमातीचा जाड थर देऊन पिढ्यान् पिढ्या नजर ठेवणे एवढेच हाती राहते.

आणि आपल्या मुलखात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पाऊस. पत्रे उडालेल्या शेडमध्ये वर्षभर पडून राहिलेली धूळ मृगाच्या एका सरीत ओढ्याला मिळते. म्हणून मोजणी व्हायची तेव्हा होवो, पत्रे आधी नीट करावेत, आवाराभोवती चर खणावा, खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी दर हंगामात तपासावे. कुंपणही मजबूत हवे. शेळ्या गवतासाठी शिरतात आणि त्यांच्यामागे पोरे शिरतात. आम्ही आणखी एक सुचवतो, ते कायदेपंडितांनी तपासून पाहावे. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात या बाधेची नोंद असावी. पाट्या गंजतात, फायली हरवतात, पण आपल्याकडे सातबारा पाहिल्याशिवाय जमीन कोणी घेत नाही.

पैशाचे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. कारखाना बुडाल्यावर सफाईला दमडी उरत नाही. बँक म्हणते आधी आमचे, कामगार म्हणतात आधी आमचे. आम्ही कामगारांच्या बाजूचे, हे लपवत नाही. पण त्या लिलावाच्या वेळी आमच्याच माणसांनी आम्हाला विचारले, "एका मडक्यासाठी समद्यांचा पगार कशापायी अडकवता?" त्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. त्यांना उत्तर देताना आमची जीभ जड झाली, हे कबूल करतो. खरे उत्तर असे आहे की हा खर्च शेवटी काढायचा नसतोच. वस्तू विकत घेताना, ती पुरवणाऱ्याकडे परत जाईल असा करार आणि तिच्या परतीचा पैसा बाजूला ठेवणे, हे कारखाना चालू असतानाच व्हायला हवे. भरभराटीच्या वर्षात बोनसच्या वाटाघाटीत आमच्या संघटनेने हा विषय कधी काढला होता काय? नव्हता. तो दोष आमचा.

सफाईचे काम करतात तेही कामगारच, आणि बहुधा ठेकेदाराचे. त्यांच्याविषयी दोन शब्द. छातीवर मारा मोजणारा बिल्ला लावल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. बिल्ला ज्याच्या नावाचा त्यानेच लावावा. मुकादमाने दहा जणांचे बिल्ले पेटीत ठेवू नयेत. आकडा कामगाराला लेखी मिळावा आणि तो ठेका बदलला तरी त्याच्याबरोबर जावा. अठरा वर्षांखालील मुलगा तेथे नको. काही मित्र धोका भत्त्याची मागणी करतात. आम्ही तिच्या विरुद्ध आहोत. भत्ता मिळू लागला की गरजू माणूस जास्त वेळ आत थांबतो आणि मालकाला धोका कमी करण्याचे कारण उरत नाही. मागायचेच तर जास्त माणसे, कमी वेळ, चांगली हत्यारे आणि काम सुरू होण्याआधी मराठीत समजावून सांगणारा माणूस मागा.

आता त्या मडक्याचे. आम्ही अर्ज दिला, लिलाव थांबला, शिव्या खाल्ल्या. सहा आठवड्यांनी मुंबईहून दोघे तज्ज्ञ आले. त्यांनी लांबूनच मापक धरला आणि पावला-पावलाने जवळ गेले. आत सीझियम होते, पण मडके अभंग होते आणि त्याची झडप बंद होती. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी कोणीतरी ती बंद करून तिला कुलूप घातले होते. तो माणूस कोण हे अखेरपर्यंत कळले नाही. पुढे रीतसर शिशाच्या पेटीतून ते मडके पुरवठादाराकडे रवाना झाले आणि यादीतला तो नग तांबड्या शाईने खोडला गेला. लिलाव दोन महिने उशिरा झाला.

त्या कारखान्याचा पहारेकरी साठीच्या घरातला होता. पावसाळ्यात गळत नाही म्हणून तो नेमकी त्या हॉपरखाली खाट टाकून निजत असे. मडके हलण्यापूर्वी सारे ऐकून घेतल्यावर तो पुढे आला आणि विचारू लागला, "साहेब, म्या तीन वर्सं हितंच झोपलोय. मला काय झालंय का?" तज्ज्ञांतले जे वडीलधारे होते त्यांनी त्याची खाट पुन्हा होती तेथे मांडायला सांगितली. तिच्या उशाशी, मध्यावर आणि पायथ्याशी मापक धरला. मग फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन तेथलाही आकडा घेतला. दोन्हींत फरक पडत नव्हता. त्यांनी चारही आकडे वहीत लिहिले, पहारेकऱ्याला वाचून दाखवले आणि त्याखाली त्याचा अंगठा घेतला. त्याने त्या कागदाची एक नक्कल मागितली. ती देण्याची पद्धत नाही असे कोणीतरी म्हणाले. तज्ज्ञांनी खिशातून दुसरा कागद काढला आणि ते आकडे पुन्हा लिहून, तारीख घालून, त्याच्या हातात दिले.